आधी कडू, मग वरण-भात

अन्याय झाला तो मिनोतीमासीवर. वैशाखातल्या एका गुरुवारी, शाळेला सुट्टी लागल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी पावणेदोन वाजता, खिदिरपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. तो केला माझ्या आईने दोन वाक्यांनी आणि मी तीन शब्दांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या घराबद्दल लिहायला लागले की माझी भाषा मऊ होते, आणि मऊ भाषेत गुन्हा विरघळून जातो. पत्रकं लिहून लिहून मी एवढं शिकलेय की कोणावर, कधी, कुठे ते पहिल्या ओळीत लिहायचं. मग हवं तेवढं रमायचं.

तर आता रमते. बाबा कस्टम्समध्ये होते आणि त्यांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, धाकटा ओजस चार वर्षांचा. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लाल गुळगुळीत जमीन, खिडक्यांना हिरव्या पट्ट्यांची झडप. दुपारी ती ओढून घेतली की उन्हाच्या रेघा जमिनीवर आडव्या पडायच्या आणि दिवस उतरेल तशा भिंतीवर चढायच्या. गोदीत एखादं जहाज भोंगा द्यायचं, लांब, खालच्या सुरात, शेजारच्या खोलीत कुणी झोपेत उसासा टाकावा तसं. पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा कुरकुरायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीला कडुनिंबाची फांदी टेकलेली होती. चैत्रात तिची बारीक पांढरी फुलं ओट्यावर, डब्यांवर, भिजवलेल्या कणकेवरसुद्धा पडायची. त्या दुपारी आठवल्या की अजूनही मला झोप येते, मधाच्या बरणीत बुडाल्यासारखी जड, गोड झोप. आणि झोपेत गेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, म्हणून मी हे सकाळी, टेबलाशी ताठ बसून लिहितेय. मी अजून तिशीतही नाही. आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, असं आईचं म्हणणं आहे. तिला हे प्रकरण लिहायला नको आहे, हे त्यामागचं खरं कारण मला माहीत आहे.

ओजू काही खात नसे. म्हणजे वरण-भात-तूप खायचा, बटाटा खायचा, गुळाची पोळी खायचा, आणि बाबा एस्प्लनेडला घेऊन गेले की तिथला एग रोल कांदा-मिरची वेचून खायचा. हिरवं काही दिसलं की तो तोंड मिटून घ्यायचा आणि मग ते कुणाच्या बापाला उघडता यायचं नाही. बाबांना तर नाहीच, ते प्रयत्नच करत नसत. आईने सगळे उपाय केले. थालीपिठात दुधी किसून घातला, डोशात पालक वाटून घातला, बीट घालून गुलाबी पोळ्या केल्या. ओजू घास उचलून खिडकीकडे धरायचा आणि उजेडात निरखून बघायचा, बनावट नोट ओळखणाऱ्या कॅशियरसारखा, आणि शांतपणे परत ताटात ठेवायचा. आईच्या हातच्या भाज्या आधीच इथे परक्या झालेल्या. तिला हवी ती मेथीची जुडी मिळायची नाही, आंबट चुका तर कुणी ऐकलेलाही नव्हता. बाजारात ढिगाने मिळायच्या पुई, कलमी, लाल शाक असल्या पालेभाज्या, उच्छे म्हणजे बोटाएवढी चिमुकली कारली, आणि त्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मग ती त्या सगळ्यांचं एकच करायची. मीठ लावून पिळायचं, चिंच-गूळ घालायचा, वर दाण्याचं कूट.

मिनोतीमासी आमच्याकडे वरचं काम आणि पोळ्या करायला यायची. सकाळी आठला येऊन दुपारी अडीचला जायची, मधे आमच्याकडेच जेवायची. पन्नाशीची असेल. बारीक, उंच, कपाळावर मोठं कुंकू, आणि पायात बोटी धरून भाजी चिरण्याचा असा सराव की हात चालू असताना ती खिडकीबाहेर बघत असायची. बोटी म्हणजे आपली विळीच, फक्त पातं उभं. आईच्या भाज्या मासीला आवडत नसत आणि ती तसं तोंडावर सांगायची. भाजीत दाणे कशाला, मी काय पोपट आहे का, असं विचारायची. तुम्हाला भाजीची लाज वाटते म्हणून तुम्ही तिला इतके कपडे घालता, असंही एकदा म्हणाली. आई हसली, पण कूट काही कमी झालं नाही. मग मासी स्वतःपुरतं वेगळं रांधायची, आमची कामं आटोपल्यावर, कोपऱ्यातल्या शेगडीवर, मोहरीच्या तेलात. जेवायची जमिनीवर बसून, तिच्यासाठी ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत. ती ताटली आमच्या ताटांत मिसळत नसे. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच आठवत नव्हतं. आमच्या घरी जातपात, शिवाशीव अजिबात मानत नसत, असं आम्ही सगळीकडे सांगायचो.

आणि मी काय करत होते? मी तेरा वर्षांची होते आणि मला मोहिमेचं वेड तेव्हापासूनच. फ्रिजवर मी एक तक्ता चिकटवला होता: ‘ओजसचा आठवडा’. सात रकाने, लाल पेन, फुल्या. खाली मोठ्या अक्षरांत, ‘पालेभाजी टाळणे म्हणजे स्वतःच्या रक्ताशी बेइमानी’. घरी येणारा प्रत्येक माणूस तो वाचायचा आणि मग ओजूकडे बघायचा. माझं ते पहिलं पत्रक, आणि ते मी एका आठ वर्षांच्या मुलाविरुद्ध काढलं होतं.

दिवाळीत मंगलआत्या आली. ती बाबांची मोठी बहीण, नाशिकला शाळेत मुख्याध्यापिका, लग्न न केलेली, आणि ओजूवर तिचा जीव. ती आली त्याच आठवड्यात ओजू प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडला होता. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. औषध दिलं पण औषधावर भागणार नाही, पोटात अन्न जायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. आत्याने त्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरी फटक. रात्रीची जेवणं झाल्यावर तिने बाबांना आणि आईला समोर बसवलं आणि शाळेत निकाल वाचावा तसा आवाज काढून सांगितलं, की मे महिन्यात मी परत येईन, पुन्हा रक्त तपासू, आणि सुधारलेलं नसलं तर जूनमध्ये ओजस माझ्याबरोबर नाशिकला येईल. तिथल्या शाळेत जाईल. चार वर्षांत सुनीताला जे जमलं नाही ते मी करून दाखवते. सुनीता म्हणजे माझी आई. बाबांनी मान हलवली, ते ताईला नाही म्हणू शकत नसत. आई उठली आणि पातेल्याच्या तळाला लागलेली खीर खरवडत बसली. त्या खरवडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो थांबतच नव्हता.

मग पाडवा आला. आपल्याकडे पाडव्याला कडुनिंब खातात, वर्षातून एकदा, हरभऱ्याएवढा, गूळ-जिरं-हिंग घालून, नाक मुरडत. त्या वर्षी आईने अवसानाने तीच गोष्ट मोठी करायची ठरवली. खिडकीतली कोवळी पालवी तोडली, दुप्पट गूळ घातला, खारीक वाटून घातली, चांगले लाडवाएवढे गोळे वळले आणि ओजूला सांगितलं, की हे खजुराचे लाडू, आजीने पाठवलेत. तो उजेडात बघायला लागला तेव्हा तिने शप्पथ घातली. त्याने विश्वास ठेवला. दातांखाली गूळ विरघळला, मग आतलं आलं. तो ओकला, बाल्कनीत, गुढीच्या पायाशी. त्यानंतर त्याने गुळाची पोळीसुद्धा सोडली. यादीतला एक पदार्थ कमी झाला.

मासी दारात बोटीवर बसून हे बघत होती. म्हणाली, बौदी, म्हणजे वहिनी, कडू लपवलं की जास्त कडू लागतं. आई आधीच रडकुंडीला आलेली. तिने तडकून विचारलं, तुमच्याकडे काय पोरं हसत हसत खातात?

“हसत नाही,” मासी म्हणाली. “भुकेने.”

हे ती हिंदी-बंगालीच्या मिसळीत म्हणाली, पण मला ते मराठीतच आठवतं.

पुढचं मी कडेने पाहिलं. सकाळची शाळा सुरू झाली होती, आम्ही साडेबाराला घरी यायचो. जेवायला टेबलाशी बसायचं म्हटलं की ओजू लपायचा, आणि लपायला थंड जमीन फक्त स्वयंपाकघरात. तो ओट्याखाली पालथा पडून राहायचा. मासी तिथेच जेवायला बसायची. आधी वांग्याच्या बारीक फोडी तेलात खरपूस, मग त्याच तेलात निंबाची पालवी टाकायची, ती चुर्र करून काळपट हिरवी, कुरकुरीत व्हायची. मीठ, बस. ताटलीत भाताचे छोटे छोटे ढीग. पहिला ढीग निंब-वांग्याचा. दुसरा लाल शाकाचा, त्याने भात गुलाबी व्हायचा, खरा गुलाबी, आईच्या बिटाच्या पोळ्यांना कधी आला नाही तसा. मग डाळ. ती ओजूकडे बघायची नाही. सावकाश, मान खाली घालून, बोटांनी भात मोकळा करत, जणू त्या घरात तिच्याशिवाय कुणी नाही अशी जेवायची. आपल्याकडे मुलाला जेवू घालायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडे सतत बघत राहायचं. ताटात सगळं एकदम वाढायचं, आणि तो वरण-भाताने पोट भरून मोकळा झाला की मग भाजीसाठी गयावया करायची. मासीच्या ताटलीत डाळ शेवटी होती. तिथवर पोचायचं तर वाट कडूतून जात होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओजूने गुलाबी भात मागितला. मासीने दिला नाही. माझा आहे, मला पुरणार नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. ती म्हणाली, आधी कडू, मग गुलाबी, तसाच नियम आहे, मी पण तसंच खाते. त्याने एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. ती हसली नाही, शाब्बास म्हणाली नाही, फक्त गुलाबी ढिगातला वाटा त्याच्याकडे सरकवला. खिडकीतून निंबाची फुलं पडत होती, गोदीत भोंगा झाला, आणि माझा भाऊ शाकाचा दुसरा घास मागत होता. मी दारात उभी होते. मला वाटलं हे मला स्वप्न पडतंय. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

आठवड्याभराने आईने पाहिलं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. एक ताटली, दोघांचे हात. मला वाटलं आता ती ओरडणार. पण ती आत जाऊन मासीला म्हणाली, त्याला रोज घेऊन बस, त्याला आवडेल ते कर, सामान मी आणते. आणि बाहेर येताना तिने फ्रिजवरचा माझा तक्ता काढून चार तुकडे केले. त्या दिवसापासून ती स्वतः बाजारातून लाल शाक आणायची, कोवळी उच्छे आणायची आणि पिशवी मासीजवळ ठेवून निघून जायची. साऱ्या चैत्रभर, वैशाख लागला तरी हे चाललं. मी दारात बसून वाचायचे, मासी त्याला सुंदरबनातल्या तिच्या गावच्या खाडीतल्या खेकड्यांच्या गोष्टी सांगायची, आणि घर इतकं निवांत असायचं की भाताच्या शितांचा वाससुद्धा हळू चालतोय असं वाटायचं. आमच्या घरातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. हे मी कुणाच्याही दबावाखाली लिहीत नाहीये.

आत्या आली. रक्त तपासलं. गुरुवारी सकाळी रिपोर्ट आला आणि आकडा चांगला वर आलेला होता. आत्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि आईचा हात धरून म्हणाली, सुनीता, जमवलंस गं. आई म्हणाली, थोडं थोडं करत जमलं. मासी तेव्हा ओट्याशी पोळ्या लाटत होती. चार वर्षं आमच्या घरात काढलेल्या बाईला मराठी कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा ऑफिसात. जेवायला चार पानं मांडली, ओजू आलाच नाही. आत्या पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. आम्ही मागोमाग गेलो. ओजू मांडी घालून बसलेला, तोंड गुलाबी भाताने भरलेलं, मासीच्या ताटलीत हात.

आत्या ओरडली नाही. ती वाईट बाई नव्हती, नाहीये. फक्त तिने आईकडे वळून हळू आवाजात म्हटलं, “म्हणजे तू नाही भरवत. ही भरवते. कामवालीच्या ताटातलं खातो तो. मग जूनचं मी ठरवलं होतं ते बरोबरच होतं.”

आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. रिपोर्ट काहीही म्हणो, मुलगा चालला होता.

“मला हे माहीतच नव्हतं, ताई,” आई म्हणाली. “माझ्या मागे चालत असणार.”

ओजू भरल्या तोंडाने म्हणाला, आई, तूच तर सांगितलंस. पण आठ वर्षांच्या, ताटलीत हात घालून सापडलेल्या मुलाचं म्हणणं कोण धरतं? धरतात ते तेरा वर्षांच्या, पहिल्या नंबरच्या मुलीचं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मासीनेही पाहिलं. ती बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तुई बोल ना, मामोनी.” तू सांग ना, बाळा. तिला खात्री होती. तिच्या चेहऱ्यावर काळजीसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, “मला नाही माहीत.”

मग आईने मासीला हिंदीत सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मासीने ओजूचे उरलेले दोन घास होऊ दिले. ताटली विसळली. हात पुसले, छत्री घेतली. दारातून वळून म्हणाली, गॅसवर डाळ आहे, लागेल. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला आणि मग दुपार पुन्हा होती तशी झाली. रेघा भिंतीवर चढल्या.

ओजू नाशिकला गेला नाही. तो आमच्याकडेच राहिला आणि रागाने जेवला, निंब, कारलं, शाक, जे वाढलं ते, कुणाशी न बोलता, आधी कडू. आईने वाढलेलं तो खातो हे बघून आत्या समाधानाने परत गेली. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळातल्या बायकांनी आईभोवती गराडा घातला. त्यांची पोरंही नूडल्सवर जगत होती. आई म्हणाली, सोपं आहे, भूक असताना कडू आधी वाढायचं, मागे लागायचं नाही, आणि आपण स्वतः खायचं. बायकांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. ही युक्ती आता कोलकात्याच्या निम्म्या मराठी घरांत आईच्या नावाने चालते. आईला मी अलीकडे याबद्दल विचारलं. ती म्हणाली, मला माझा मुलगा हवा होता, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. मला तिचं म्हणणं कळतं. ते मला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी मी एकत्र घेऊन हिंडते.

मासी मला एकदाच भेटली, कॉलेजात असताना, खिदिरपूरच्या बस थांब्यावर. केस पिकले होते. मी तोंड वळवायच्या आत तिने हाक मारली. तिने विचारलं ते एवढंच: “बाबू खाच्छे तो?” बाबू खातो ना? मी म्हटलं, हो, सगळं खातो. ती हसली, बस आली, ती चढली. माफी मागायला माझ्याकडे पूर्ण एक मिनिट होतं. आज मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते, न्यू टाउनच्या उंच इमारतींबाहेर उभी राहून पत्रकं वाटते, आणि लोक विचारतात की तुम्ही एवढ्या चिडून का बोलता. त्या एका मिनिटामुळे.

आता तुमच्याबद्दल. तुमचं मूल आज काहीतरी हिरवं खातंय, आणि ते खाऊ घालण्यात तुमच्याखेरीज आणखी कुणाचा हात आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. पुढच्या वेळी पाहुणे येतील, मुलाच्या गालाला हात लावतील आणि म्हणतील, छान जमवलंत हं. तेव्हा तिला आतून बोलवा. तिचं नाव घ्या आणि सांगा, हे हिने केलं. पाहुणे गेल्यावर तिला एकटीला गाठून नाही. त्यांच्या समोर, तिथल्या तिथे.